काल कोण न्हवतं?

"काल कोण न्हवतं रंऽऽ?"

ही हाक वर्गातून बाहेर आली तेव्हा मी शाळेच्या फाटकात मोटारसायकल लावत होतो. हातातलं हेल्मेट सुटलं आणि गडगडत थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं. चिंचेवरचे कावळे उठले. शेजारच्या शेतातली म्हैस रवंथ अर्धवट टाकून शाळेकडं बघायला लागली. मला वाटलं, पोर विहिरीत पडलं. धावत वर्गाच्या दारात गेलो, तर आत तीस-पस्तीस पोरं निवांत बसलेली. त्यांच्यापुढं पदर कमरेला खोचून, फळ्याच्या खालच्या कडेला जेमतेम डोकं लागेल एवढ्या उंचीची एक बाई उभी.

"मी न्हवतो बाई," मधल्या रांगेतून एक पोरगा उठला. "बटाटे काढायला गेलतो."

"ये सिद्धू. बस खुर्चीवर."

सिद्धू जाऊन बाईंच्या खुर्चीवर बसला. वर्गात खुर्ची एकच. बाई चालत मागं गेल्या आणि शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, फरशीवर बसल्या.

ही आमच्या भोंगाबाईंची आणि माझी पहिली भेट. हजेरीपटावर त्यांचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण त्या नावानं त्यांना पोस्टमनसुद्धा ओळखत नव्हता. मी कधी वाढवून सांगत नाही, उलट असतं त्यातलं थोडं राखूनच सांगतो. मच्छे गावच्या कारखान्यातली माणसं म्हणे त्या हाकेवर कामाला लागत. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरायला आलेल्या एका विमानाच्या पायलटनं तर "मी न्हवतो" असं उत्तर दिल्याचं एका भल्या माणसानं मला सांगितलं. तो भला माणूस मीच असल्यामुळं खोटं असण्याचा प्रश्न येत नाही.

हा आवाज आला कुठून, तर वडगावातून. बाईंचं माहेर विणकराचं. एका छपराखाली आठ पॉवरलूम, आणि त्याच छपराखाली स्वयंपाक, पाहुणे, भांडणं आणि लेकरांचा अभ्यास. "आमच्यात कानात सांगितलेलं बी गल्लीला कळायचं," बाई म्हणत. "हळू बोलणारं माणूस आमच्या घरात उपाशीच झोपलं असतं." पण गंमत अशी की दिवसातून ही एक हाक मारून झाली की बाईंचा आवाज संपायचा. उरलेला वेळ त्या जवळजवळ काही बोलतच नसत. गाव सगळं त्या हाकेवर त्यांना ओळखायचं. खरी बाई हाकेनंतर सुरू व्हायची, हे कळायला मला फार वेळ लागला.

मी त्या वेळी सीआरपी होतो. म्हणजे अर्धा शिक्षक, अर्धा साहेब आणि उरलेला अर्धा मोटारसायकलवाला. पंधरा-वीस शाळांत फिरायचं, वर्गात मागं बसायचं आणि शिकवणं चांगलं की वाईट ते तक्त्यात भरून वर पाठवायचं. तक्ता चाळीस मार्कांचा. फळ्यावर तारीख आहे का, तक्ते आणि मॉडेल वापरले का, टीव्ही चालू केला का, शिक्षक वर्गभर फिरतात का, शिक्षक सक्रिय आहेत का. चांगलं शिकवणं म्हणजे काय, याचा निकाल ज्यानं कुणी तो तक्ता छापला त्यानं आधीच लावून टाकला होता. मला फक्त खुणा करायच्या होत्या. नवीन नवीन साहेब झालेला माणूस खुणा करताना किती जोर लावतो ते तुम्हांला सांगायला नको. माझ्या पेनानं खालची तीन पानं उठायची.

तर त्या दिवशी खुर्चीवर सिद्धू, फळ्याजवळ गौरी नावाची एक पोरगी, आणि बाई मागं फरशीवर, गुडघ्यावर हनुवटी टेकून. गौरी सिद्धूला कालचे अपूर्णांक सांगत होती. सिद्धू डोकं खाजवत होता. बाई काही बोलत नव्हत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी मनात म्हटलं, वा! सरकारी पगार, आणि काम पोरांकडून! टीव्ही बंद. तक्ते नाहीत. फिरणं नाही. 'शिक्षक सक्रिय' पुढं मी गोल असं शून्य काढलं. 'आवाज स्पष्ट' याला दोन मार्क होते, ते मात्र पूर्ण दिले, दोनशे द्यायची सोय नव्हती म्हणून. बेरीज झाली अकरा. तक्ता भरून झाल्यावर थांबायचं कशाला? तास अर्ध्यावर असतानाच मी उठलो आणि हेडमास्तरांच्या खोलीत चहाला गेलो.

हेडमास्तरांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी तक्ता बघितला आणि त्यांचा चहा बशीतच राहिला.

"अकरा? काय केलात ओ सर हे!"

"जे बघितलं ते लिहिलं, आप्पा."

"वीसच्या खाली गेलं की वर्ग जातोय की ओ. नवा नियम हाय. दोन वेळा बघत्यात, दोन्हीची सरासरी काढत्यात. वीस न्हाय भरली तर तालुक्याच्या हापिसात नेऊन कंप्युटरवर बसवत्यात, माहिती भरायला. बाईंचं एक वर्ष राहिलंय फक्त."

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मग घरी गेलो, जेवलो. जेवण नेहमीपेक्षा दोनच भाकरी कमी गेलं, म्हणजे तुम्ही समजा. दुसऱ्या दिवशी बाईंना मार्क कळले. त्या भांडायला येतील म्हणून मी दोन दिवस त्या रस्त्यानं गेलो नाही. तिसऱ्या दिवशी वाटेत समोरासमोर सापडलो, तर म्हणाल्या, "सर, त्या दिवशी तुमी लौकर उठला. एकदा घंटा हुईपर्यंत बसा की ओ." एवढंच. रागावल्या असत्या तर मी सुटलो असतो.

मग बसलो. एक दिवस म्हणून बसलो तो आठवडाभर बसलो. बाईंची पद्धत अशी. आज शिकवायचं. उद्या, जो आज गैरहजर असेल त्याला खुर्चीवर बसवायचं आणि वर्गानं त्याला शिकवायचं. बाईंनी मधे तोंड घालायचं नाही. शिकवणाऱ्यानं त्याच्या हातातला खडू घ्यायचा नाही. आणि त्याला कळलं असं केव्हा धरायचं? तर त्यानं परत तेच तिसऱ्या कुणाला तरी सांगून दाखवल्यावर. नुसतं "व्हय बाई, समजलं" म्हणणाऱ्या पोराकडं बाई चष्म्यावरून अशा बघायच्या, की ते पोर स्वतःच म्हणायचं, "न्हाय बाई, समजलं न्हाय."

"जे काल हितं बसलेत त्यास्नी इचारून मला काय कळणार?" त्या मला म्हणाल्या. "त्यांनी माझं ऐकलंय. ते माझंच मला परत देतील. जो न्हवता, त्याच्यापतोर पोचलं तर मी शिकवलं म्हणायचं. न्हायतर मी नापास."

आणि नापास झाल्या की खरंच वर्गात तसं सांगायच्या. "आज बाई नापास. भागाकार परत." पोरं टाळ्या वाजवायची. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःला नापास करणारा दुसरा शिक्षक मला भेटला नाही. मी स्वतः तर दरवर्षी पहिल्या नंबरानं पास व्हायचो.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे थांबणं. प्रश्न विचारला की थांबायच्या. आपण मास्तर लोक प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन मोकळे होतो. पोरानं तोंड उघडेपर्यंत आपला पुढचा प्रश्न तयार. बाई थांबायच्या म्हणजे किती, तर एकदा मी सकाळी गुळगुळीत दाढी करून त्या वर्गात बसलो होतो, आणि एका पोराचं उत्तर येईपर्यंत गालावर खुंट आले. मला मधेच सांगून टाकायची कळ यायची. बाई नुसता तळहात उचलायच्या. "गप बसा सर. आत्ता कुठं तो इचार करायलाय."

बायकोला साडी घ्यायची म्हणून एकदा तिच्याबरोबर बाईंनाही शहापुरात घेऊन गेलो. ओळखीचा विणकर, त्यानं पदर पसरला, काठ दाखवले, आमच्या मंडळी खूश. बाईंनी साडी हातात घेतली आणि सरळ उलटी केली. मागचे धागे बोटानं चाचपत बसल्या. विणकराच्या कपाळाला घाम. "आक्का, पदर बघा की!" तो म्हणाला. "पदर तू दाखवायलाच इणलाईस," बाई म्हणाल्या, "तो मी कशाला बघू?" त्या दिवशी बाईंनी तीन साड्या परत केल्या, चौथी घेतली. ती साडी माझ्या बायकोनं इतकी वापरली की साडी आहे तशी आहे, बायको मात्र तिच्यापुढं म्हातारी दिसते. हे वाक्य घरात वाचून दाखवणार नाही.

दुसऱ्या पाहणीला तालुक्याचे साहेब स्वतः येणार असं कळलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशोब सोपा होता. माझे अकरा, म्हणजे सरासरी वीस यायला साहेबांनी एकोणतीस द्यायला हवेत. साहेब मूळचे चिकोडीचे. त्यांना मराठी सगळी कळायची, बोलताना मात्र वाक्य मराठीत निघून कन्नडात उतरायचं. माणूस कडक. एकोणतीस त्यांनी स्वतःच्या लग्नात बायकोलाही दिले नसते.

मी बाईंना म्हटलं, "बाई, एक दिवस. फक्त एक दिवस पुढं उभं राहा. टीव्ही लावा, तक्ते लावा, वर्गात फिरा. मग वर्षभर फरशीवर बसा."

"मला फिरून शिकवायला येत न्हाय ओ सर."

"नुसतं फिरा. शिकवू नका."

बाई नुसत्या हसल्या. मग मी ठरवलं, बाकीचं आपण बघू. तक्त्यात हजेरीला पाच मार्क होते. पाच तर पाच. साहेब यायच्या आधी चार दिवस मी मोटारसायकलवरून घरोघर फिरलो. मागाजवळ बसलेल्या पोरी उठवल्या. एका पोराला भाताच्या चिखलातून तसाच उचलला, त्याच्या पायाचा चिखल अजून माझ्या गाडीच्या सीटवर आहे. एकाला मामाच्या गावाहून आणला, मामासकट. आप्पा म्हणाले, "सर, इलेक्शनला उभं राहा की ओ." चारही दिवस शंभर टक्के हजेरी! शाळा निघाल्यापासून असं झालं नव्हतं. मी माझ्यावर इतका खूश होतो, की आरशात बघून स्वतःलाच नमस्कार केला.

साहेब आले. मी त्यांच्याबरोबर मागं बसलो. पोरं चिडीचूप. बाई पुढं आल्या, पदर खोचला, श्वास घेतला.

"काल कोण न्हवतं रंऽऽ?"

साहेबांचं पेन खाली पडलं. ते ठीक. पण वर्गातून कुणी उठेना. बाईंनी नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी पोरं बसलेली. काल सगळे होते. परवाही होते. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की चार दिवस राबून मी काय करून ठेवलं होतं. लोहाराकडची ऐरण पळवून त्याला म्हटलं होतं, आता घाल घाव.

बाई नुसत्या उभ्या. रिकाम्या खुर्चीकडं बघत. मी त्यांना वर्गात गोंधळलेलं पाहिलं ते त्या एकाच वेळी. साहेबांनी तक्त्यावर पेन टेकवलं. 'शिक्षकाची पूर्वतयारी' हा रकाना मला शेजारून दिसत होता. मी डोळे मिटले.

"बाई," गौरीचा आवाज आला. "हे न्हवते की काल."

डोळे उघडले, तर तिचं बोट सरळ साहेबांच्या छातीवर.

वर्ग हसला. आप्पा दारात उभे होते, त्यांनी चौकट धरली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांकडं बघितलं, खरंच काल हा विद्यार्थी नव्हता याची खात्री केली आणि म्हणाल्या, "या साहेब. बसा खुर्चीवर."

साहेब उठले. का उठले ते देव जाणे. चाळीसएक वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना असंच उठवलेलं असणार. खुर्चीवर जाऊन बसले. बाई मागं येऊन माझ्या शेजारी फरशीवर बसल्या.

गौरीनं त्यांच्या हातात खडू दिला. "साहेब, सहा भागिले अर्धा. किती?"

"तीन," साहेब रुबाबात म्हणाले.

"अर्धं केलं तर तीन. अर्ध्यानं भागायचं हाय."

"हां हां. उलटं करून गुणायचं. बारा."

"का उलटं करायचं?"

साहेब थांबले. "तसा रूल आहे बाळ."

"पण का?"

पुढं जी शांतता पसरली तिच्यात मी माझी पेन्शनसुद्धा मोजून घेतली. साहेब फळ्याकडं बघताहेत, पोरं साहेबांकडं. मी 'मी सांगतो' म्हणून उठायला लागलो, तर बाईंनी माझ्या शर्टाची बाही धरून खाली ओढलं. "त्यास्नी इचार करू द्या."

पोरांतला एक हळूच बोलला, "साहेब, सहा मीटर कापड हाय. अर्ध्या अर्ध्या मीटरचे टॉवेल फाडायचेत. किती व्हतील?"

साहेबांनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली. तिचे सहा भाग केले. मग प्रत्येकाच्या मधोमध एक एक रेघ मारत गेले. मोजलं. परत मोजलं. "बारा. पण भागल्यावर वाढलं कसं री? भागलं की कमी व्हायला पाहिजे." हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, रेघेलाच विचारलं. बराच वेळ गेला. मग एकदम त्यांचा चेहरा असा उघडला, की मला त्यात सहावीतला मुलगा दिसला. "हौदल्ला! खरंच की!" साहेब कन्नड-मराठी एकदम ओरडले. "कापड कुठं वाढलं? तुकडा लहान झाला, म्हणून तुकडे जास्ती झाले! एका मीटरात दोन बसतात, म्हणून दोननं गुणायचं!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. साहेब उठायला लागले, तर बाई मागून म्हणाल्या, "आजून न्हाय साहेब. तिसऱ्या कुणाला तरी सांगून दावा."

साहेबांनी जीपमधून ड्रायव्हरला बोलावलं. तो बिचारा चप्पल बाहेर काढून घाबरत आत आला. साहेबांनी त्याला रेघ काढून सगळं सांगितलं. दोनदा "समजलं सर" म्हणाला, दोन्ही वेळा अख्खा वर्ग "न्हाय समजलं" म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः खडू घेतला आणि चार भाकरींचे पाव पाव तुकडे करून सोळा काढून दाखवले, तेव्हा कुठं घंटा झाली. साहेब घामाघूम.

आप्पांच्या खोलीत बसून त्यांनी तक्ता भरायला घेतला. 'शिक्षक सक्रिय' या रकान्यावर पेन अडलं.

"सर, बाई काय केली री?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही, साहेब. बसल्या होत्या."

"मग मी कसा शिकलो?"

साहेबांनी त्या रकान्यात पूर्ण मार्क लिहिले. टीव्हीचा शून्यच दिला, माणूस कडक होता. बेरीज तीस आली. माझे अकरा धरून सरासरी साडेवीस. बाईंचा वर्ग अर्ध्या मार्कानं वाचला.

पुढचं वर्षभर ती हाक रोज ऐकू येत राहिली. मी पुढच्या जूनला सीआरपीची गाडी सोडून परत वर्ग मागून घेतला. लोक म्हणाले, साहेबकी झेपली नाही. मी म्हणालो, झेपली नाही. आता माझ्या वर्गातही खुर्चीवर गैरहजर पोरगं बसतं, मी फरशीवर बसतो आणि गुडघे आखडतात. महिन्यातून दहा दिवस मी नापास असतो. हा आकडा मात्र कमी करून सांगतोय.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाल-नारळ झालं, भाषणं झाली. माझं भाषण सर्वांत मोठं. त्यात ते विमानही येऊन गेलं. पोरं घरी गेल्यावर बाई वर्गात डस्टर, खडूची पेटी, चष्म्याचं घर असं एकेक पिशवीत भरत होत्या. मी दारात उभा राहिलो. वर्षभर बोलायचं राहिलेलं ते त्या दिवशी नाही बोललो तर कधीच बोलणार नव्हतो.

"बाई, एक बोलायचं होतं. मी तुम्हांला अकरा मार्क दिले होते बघा. तास अर्ध्यावर टाकून उठून गेलतो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी चूक. मला माफ करा."

बाईंनी पिशवीचं तोंड बांधलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"अकरा जास्तच दिला सर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सिद्धूला काय बी कळलं न्हवतं."